पट्टायातले परदेशी पोलीस-मदतनीस आणि आपले पर्यटक

मा. संपादक यांस,

स. न. वि. वि.

दिवाळीच्या किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीत थायलंडला जाऊन आलेले अनेक जण मला एक प्रश्न हमखास विचारतात: पट्टायाच्या वॉकिंग स्ट्रीटवर थाई पोलिसांबरोबर गडद गणवेशात फिरणारे ते गोरे लोक कोण? कोणी त्यांना भाडोत्री पोलीस समजते, कोणी तोतये म्हणते, तर कोणाला वाटते की थायलंडने आपली पोलीस यंत्रणाच परदेशी माणसांच्या हाती सोपवली आहे. मी पुण्याहून सहली घेऊन जाणाऱ्या व्यवसायात बरीच वर्षे आहे, आणि कामानिमित्त या मंडळींशी वेळोवेळी संबंध आला असल्यामुळे त्यांच्याविषयी थोडे सविस्तर लिहावेसे वाटते. मला मांडायचा आहे तो मुद्दा असा की, या लोकांचा खरा उपयोग त्यांच्या अंगावरच्या गणवेशात नसून त्यांना येणाऱ्या भाषेत आहे; आणि भारतीय पर्यटक जिथे एवढ्या संख्येने जातात तिथे आपल्या भाषा बोलणारी माणसे या कामात फारशी दिसत नाहीत, ही उणीव दूर करणे थाई पोलिसांपेक्षा आपल्याच हाती अधिक आहे.

आधी ही व्यवस्था काय आहे ते सांगतो. थायलंडच्या पोलीस दलात पर्यटक पोलिसांची स्वतंत्र शाखा असून ११५५ हा तिचा मदत क्रमांक आहे. पट्टाया, फुकेत, चियांग माई अशा ठिकाणी या शाखेने तिथे वास्तव्य करणाऱ्या परदेशी नागरिकांना स्वयंसेवक म्हणून सोबत घेतले आहे. त्यांना पगार नाही. अटक करण्याचा, तपास करण्याचा किंवा दंड वसूल करण्याचा अधिकार त्यांना नाही. थाई अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली, त्याने सांगितलेले काम त्यांनी करायचे असते. ते काम म्हणजे मुख्यतः दुभाष्याचे, वाट दाखवण्याचे, घाबरलेल्या माणसाला धीर देण्याचे आणि मद्याच्या नशेत हमरीतुमरीवर आलेल्याला त्याच्याच भाषेत समजावून बाजूला नेण्याचे.

ही माणसे तिथे आली कुठून, हे समजण्यासाठी शहराचा इतिहास थोडा पाहावा लागतो. पट्टाया हे चोनबुरी प्रांतातले, बँकॉकपासून साधारण दीडशे किलोमीटरवर असलेले समुद्रकाठचे शहर. १९६० च्या आसपास ती कोळ्यांची वस्ती होती. आधी कोरातच्या तळावरचे अमेरिकी सैनिक तिथे सुट्टी घालवायला येऊ लागले आणि पुढे व्हिएतनाम युद्धाच्या काळात जवळच्या उतापाओ हवाई तळामुळे त्यांचा ओघ वाढला. रात्रीच्या करमणुकीचा जो बाजार आज दिसतो त्याचा पाया तेव्हा घातला गेला. १९७८ साली शहराला खास दर्जाची नगरव्यवस्था मिळाली. सैनिक गेल्यावर युरोपातले पर्यटक आले आणि त्यांच्यापैकी काही जण निवृत्तीनंतर तिथेच राहिले. पन्नाशी पूर्ण केलेल्या परदेशी माणसाने थाई बँकेत आठ लाख बाथ ठेवले किंवा दरमहा ६५ हजार बाथांचे उत्पन्न दाखवले, तर एकेका वर्षाच्या मुदतीने त्याला तिथे राहता येते. दर नव्वद दिवसांनी त्याने आपला पत्ता इमिग्रेशन कार्यालयाला कळवायचा असतो आणि नोकरीधंदा करण्यास त्याला मनाई असते. ज्यांच्याशी माझे बोलणे झाले ते स्वयंसेवक बहुतेक याच वर्गातले होते: हाताशी वेळ असलेले, थोडीफार थाई शिकलेले, आणि ज्या गावाने आपल्याला आसरा दिला त्याच्यासाठी काही करावे असे मनापासून वाटणारे. एखाद-दुसऱ्याला गणवेशाची हौसही असते, हे नाकारत नाही.

थायलंडमध्ये परदेशी माणसाने कुठले काम करावे आणि कुठले नाही, याविषयीचे नियम फार कडक आहेत. २०१७ साली या संदर्भात नवा वटहुकूम आला. काही व्यवसाय थाई नागरिकांसाठीच राखून ठेवलेले असून पर्यटकांचा मार्गदर्शक हा त्यांतला एक आहे. म्हणूनच आमच्यासारख्या सहल व्यवस्थापकांना बसमध्ये ध्वनिक्षेपक हातात घेऊन एखाद्या बुद्धमंदिराची माहिती सांगणेही कायद्याने वर्ज्य आहे. सोबत परवानाधारक थाई गाईड असावाच लागतो. बिनपगारी काम हेसुद्धा तिथे कामच मानले जात असल्याने, पोलिसांनी रीतसर सामावून घेतल्याशिवाय कोणा परदेशी माणसाला असे मदतकार्य अंगावर घेता येत नाही. स्थायिक परदेशी लोक तिथे कायद्याच्या वर आहेत, असा समज करून घेणाऱ्यांनी फेब्रुवारी २०१६ मधला प्रसंग आठवावा. पट्टायात पत्त्यांतला ब्रिज हा खेळ खेळायला जमलेल्या ३२ परदेशी लोकांना, ज्यांत बहुतेक वृद्ध होते, पोलिसांनी छापा घालून ताब्यात घेतले. पैशांचा जुगार सापडला नाही, तेव्हा परवान्याशिवाय १२० पेक्षा अधिक पत्ते बाळगण्यास मनाई करणारा १९३५ चा कायदा पुढे करण्यात आला. एवढ्या जुन्या कायद्याची आठवण ठेवणारा पोलीस अधिकारी कोण असेल, याचे मला अजून कुतूहल आहे.

आता या मदतनिसांची गरज नेमकी कुठे पडते ते पाहू. २०१९ साली थायलंडमध्ये सुमारे चार कोटी परदेशी पर्यटक आले. पट्टायाच्या पोलीस ठाण्यात एकाच रात्री रशियन, चिनी, अरबी, जर्मन, कोरियन आणि हिंदी बोलणारे तक्रारदार उभे असू शकतात, आणि ठाण्यातली सगळी नोंद मात्र थाई भाषेत, थाई लिपीत होते. पारपत्र हरवल्याचे साधे उदाहरण घ्या. आधी पोलिसांकडे नोंद करून तिची प्रत घ्यावी लागते. ती घेऊन बँकॉकला आपल्या वकिलातीत जायचे, तिथे परतीच्या प्रवासापुरते इमर्जन्सी सर्टिफिकेट मिळवायचे, आणि त्यानंतर आपण देशात केव्हा व कोणत्या परवानगीवर आलो याचा मेळ इमिग्रेशनकडून घालून घ्यायचा. या साखळीत पोलीस नोंदीतली जन्मतारीख किंवा नावाची अक्षरे चुकली, तर पुढच्या प्रत्येक खिडकीवर अडवणूक होते. आपल्याकडे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव असा क्रम असतो. पारपत्रावर आडनाव वेगळ्या रकान्यात जाते. थाई हवालदाराला यातले नेमके काय कुठे लिहायचे हे कळत नाही, आणि आपल्या माणसाला त्याने काय लिहिले हे वाचता येत नाही. विम्याचा दावा करायचा झाला तरी पोलीस नोंद लागते. अशा वेळी शेजारी बसून शांतपणे अक्षरे तपासणारा माणूस हीच खरी मदत असते, आणि त्यासाठी कमरेला पट्टा लागत नाही.

यापेक्षा नाजूक प्रसंग तडजोडीचे. किरकोळ गुन्ह्यांत दंड भरून प्रकरण ठाण्यातच संपवण्याची सोय थायलंडच्या फौजदारी प्रक्रियेत आहे, आणि अपघात किंवा नुकसानीच्या वादात दोन्ही बाजूंना समोरासमोर बसवून भरपाईचा आकडा ठरवण्याची तिथे रूढ पद्धत आहे. ही पद्धत मुळात वाईट नाही. परक्या देशात कोर्टाच्या तारखांसाठी अडकून पडण्यापेक्षा ती पर्यटकालाही सोयीची असते. पण जिथे घासाघीस करूनच निकाल लागतो तिथे ज्याला भाषा येत नाही तो आधीच हरलेला असतो. आपण कशाची कबुली देतो आहोत, हा आकडा दंडाचा की भरपाईचा, पावती मिळणार की नाही, सही केल्यावर प्रकरण संपले की उद्या पुन्हा यायचे, हे त्याला कळत नाही आणि विमान सुटायची वेळ जवळ येत असते. भीतीपोटी तो खिशात असेल तेवढे काढून देतो. यातला काही भाग लबाडीचा असतो, हे खरे. पण बराचसा केवळ एकमेकांचे न समजल्यामुळे घडतो, असे माझे निरीक्षण आहे.

जेट स्कीचा वाद याच जातीचा. किनाऱ्यावर भाड्याने दिलेली जेट स्की परत केल्यावर तिच्या बुडाशी ओरखडा दाखवायचा आणि हजारो बाथांची मागणी करायची, हा प्रकार पट्टाया आणि फुकेत दोन्हीकडे जुना आहे. अनामत म्हणून पारपत्र ठेवून घेतलेले असेल, तर पर्यटकाची बोलतीच बंद होते. २००९ साली एका ब्रिटिश वाहिनीच्या मालिकेत फुकेतमध्ये ब्रिटिश मरीन सैनिकांकडून अशी वसुली होताना चित्रित झाली, तेव्हा त्याचा जगभर बोभाटा झाला आणि त्या जेट स्कीचालकाला अटक करावी लागली. अशा भांडणात परदेशी मदतनीस मध्ये पडला तर तो निकाल देऊ शकत नाही, परंतु आकडा वाजवी आहे का, पोलीस ठाण्यात जाणे शहाणपणाचे आहे का, हे तो पर्यटकाच्या भाषेत सांगू शकतो. आमच्या प्रवाशांना मी तीन गोष्टी बजावून सांगतो: कोरल आयलंडवर किंवा जोमतिएनच्या किनाऱ्यावर कुठलेही वाहन घेण्याआधी त्याचे सर्व बाजूंनी फोटो काढा, पारपत्र कोणाकडेही गहाण ठेवू नका, आणि भांडण वाढले तर स्वतः आवाज चढवण्याऐवजी ११५५ लावा. थायलंडमध्ये भर रस्त्यात ओरडणारा माणूस बरोबर असला तरी चुकीचा ठरतो.

या व्यवस्थेवरचे आक्षेपही खरे आहेत आणि ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पहिला आक्षेप गणवेशाचा. पोलिसांसारखा पोशाख घातलेला, पण पोलीस नसलेला माणूस रात्रीच्या गर्दीत समोर आला, तर नवख्या पर्यटकाला दोघांतला फरक कळणे अवघड आहे. त्याने थांबायला सांगितले तर थांबायचे का, झडती द्यायला सांगितली तर द्यायची का? अधिकार नसलेल्या माणसाला अधिकाराचा आभास दिला की त्याच्या चुकीचा जाब कोणाला विचारायचा, हा प्रश्न उरतोच. दुसरा आक्षेप हितसंबंधांचा. ज्या गावात एखाद्याचा स्वतःचा बार किंवा अतिथिगृह आहे, किंवा मित्रांचे आहे, त्याच गावात रात्री तो पोलिसांच्या बाजूला उभा राहतो, तेव्हा बिलाच्या भांडणात तो तटस्थ राहील याची खात्री कोण देणार? तिसरा आक्षेप पूर्वग्रहाचा. गोऱ्या पर्यटकाशी बोलताना जो स्वर असतो तो आपल्या माणसांशी बोलताना कधी कधी बदलतो. सगळेच तसे नसतात. रात्री दोन वाजता आमच्या एका आजारी प्रवाशाबरोबर रुग्णालयात बसून राहिलेला गोरा स्वयंसेवकही मी पाहिला आहे. तरीही 'इंडियन ग्रुप' म्हटल्यावर कपाळावर उमटणारी आठी ज्यांनी पाहिली आहे त्यांना मी काय म्हणतो ते कळेल.

त्या आठीला आपणही थोडे जबाबदार आहोत, हे लिहिल्याशिवाय पत्र प्रामाणिक होणार नाही. बारमध्ये आणि कार्यक्रमांत छायाचित्रणास मनाई असताना मोबाईल उंचावणे, दारात उभ्या असलेल्या मुलींचे न विचारता फोटो घेणे, भाव ठरवून सेवा घेतल्यावर बिलाच्या वेळी पुन्हा घासाघीस करणे, दहा जणांनी एका टेबलाभोवती बसून दोन बाटल्या मागवणे, यांतून वॉकिंग स्ट्रीटवरची बरीचशी भांडणे पेटतात. रात्री गळ्यात जाडजूड सोनसाखळ्या घालून समुद्रकाठी एकटे फिरणारे आपले लोक चोरट्यांना आमंत्रणच देतात. भारतीय पर्यटकाची साखळी हिसकावल्याच्या बातम्या पट्टायातून सतत येत असतात. इ-सिगारेट तिथे बेकायदा आहे, हे निघताना कोणी सांगितलेले नसते. मित्रमंडळी जमली की पत्ते काढण्याची सवयही तिथे महागात पडू शकते. मे २०२३ मध्ये पट्टायाच्या एका हॉटेलात जुगाराच्या अड्ड्यावर छापा पडून नव्वदहून अधिक जण पकडले गेले, त्यांत ऐंशीहून अधिक भारतीय होते. तो संघटित धंदा होता आणि सामान्य पर्यटकाचा त्याच्याशी संबंध नव्हता; पण हॉटेलच्या खोलीत रमीचा डाव मांडणाऱ्यानेही तिथला कायदा आधी माहीत करून घ्यावा.

गणवेशाच्या प्रश्नाकडे थाई लोक स्वतः कसे पाहतात, हे समजून घेण्यासारखे आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये, चिनी पर्यटकांना सुरक्षित वाटावे म्हणून चिनी पोलिसांनी थाई पोलिसांबरोबर पर्यटनस्थळी गस्त घालावी, अशी कल्पना थायलंडच्या पर्यटन प्राधिकरणाकडून पुढे आली. लोकांनी तिला सार्वभौमत्वाचा प्रश्न मानून इतका विरोध केला की सरकारला काही दिवसांतच माघार घ्यावी लागली. असे प्रयोग अन्यत्र झाले आहेत: २०१५ च्या उन्हाळ्यात ब्रिटनच्या वेस्ट मिडलंड्स पोलिसांतले दोन शिपाई स्पेनमधल्या मॅगलुफ आणि इबिझा इथे आपल्या देशबांधवांना आवरण्यासाठी पाठवले गेले, आणि २०१६ साली रोम व मिलानमध्ये इटालियन पोलिसांबरोबर चिनी पोलीस फिरले. थाई जनतेने ती वाट नाकारली, पण वर्षानुवर्षे आपल्याच रस्त्यावर परदेशी स्वयंसेवक सहन केले, यात मला विसंगती दिसत नाही. चिनी पोलीस हा एका परक्या सरकारचा प्रतिनिधी असतो आणि त्याची निष्ठा तिकडे असते. तिथे घर करून राहिलेला निवृत्त जर्मन किंवा डच माणूस कोणाचाच प्रतिनिधी नसतो. उद्या व्हिसाची मुदत वाढवून मिळाली नाही तर त्यालाच सामान बांधावे लागणार असते. त्याचे बळ तेवढेच आणि मर्यादाही तीच, म्हणून तो खपून जातो. याच कारणासाठी, भारतानेही तिकडे आपले पोलीस नेमावेत ही समाजमाध्यमांवर अधूनमधून होणारी मागणी मला अजिबात पटत नाही. आपल्या कळंगुटच्या किनाऱ्यावर परक्या देशाचे पोलीस फिरलेले आपल्याला चालतील का, हे आधी स्वतःला विचारावे.

तिकडे राहणाऱ्या भारतीयांनी या स्वयंसेवेत उतरणे मात्र शक्य आहे आणि आवश्यकही आहे. १० नोव्हेंबर २०२३ पासून थायलंडने भारतीयांना तीस दिवसांसाठी व्हिसामुक्त प्रवेश दिला, आणि जुलै २०२४ मध्ये ती मुदत साठ दिवसांवर नेली. २०२३ साली सुमारे १६ लाख भारतीय तिथे गेले. २०२४ साली हा आकडा २१ लाखांच्या घरात पोहोचला. यांतल्या मोठ्या वर्गाची सहल बँकॉक आणि पट्टाया या दोन शहरांतच आटोपते. पूर्वी तिकडे जाणारा भारतीय बहुधा धंद्यानिमित्त फिरलेला आणि कामापुरते इंग्रजी बोलणारा असे. आता सांगली-साताऱ्याकडचे शेतकरी कुटुंब, औषध दुकानदारांचा किंवा खतविक्रेत्यांचा कंपनीने नेलेला गट, आयुष्यात प्रथमच विमानात बसलेल्या आजी-आजोबांची जोडी असे प्रवासी आमच्या बसमध्ये असतात. संकटात सापडल्यावर समोरचा गोरा मदतनीस कितीही सज्जन असला, तरी त्याचे इंग्रजी त्यांना थाईइतकेच परके असते. माझ्या गटातल्या एका बाईंची पर्स चोरीला गेली तेव्हा प्रश्न इंग्रजीत, माझ्या तोंडून मराठीत, त्यांचे उत्तर मराठीत, माझ्याकडून इंग्रजीत आणि स्वयंसेवकाकडून थाईत असा प्रवास करत गेला; एवढ्या हातांतून गेलेल्या जबाबात मूळचे किती उरले असेल याची मला शंका आहे. पोलिसांनी चोरीची वेळ विचारली होती आणि बाई पर्समध्ये काय काय होते ते सांगत होत्या.

भारतीय समाज थायलंडला नवा नाही. बँकॉकच्या पाहुरात भागातला गुरुद्वारा आणि कापडाचा बाजार, सिलोम रस्त्यावरचे मारीअम्मन देवीचे मंदिर हे पिढ्यान्पिढ्यांच्या वास्तव्याचे पुरावे आहेत. पट्टायातही भारतीय उपाहारगृहांची रांग लागली आहे आणि तिथले मालक, आचारी, व्यवस्थापक कामापुरती थाई सफाईने बोलतात. सध्या अडचणीत आलेला भारतीय पर्यटक प्रत्यक्षात धावतो तो त्यांच्याकडेच. रात्री अकरा वाजता तव्यावरची रोटी सोडून एखाद्या हॉटेलमालकाने ठाण्यात येऊन बोलणी केल्याचा अनुभव आमच्या व्यवसायातल्या बहुतेकांना आहे. ही मदत उदार मनाची असली तरी ती अनौपचारिक असते, कधी मिळते, कधी मिळत नाही, आणि हॉटेलवाल्याला दुसऱ्या दिवशी त्याच पोलिसांशी व शेजाऱ्यांशी संबंध राखायचे असल्यामुळे तो पर्यटकाची बाजू किती रेटेल यालाही मर्यादा असतात. बँकॉक व आसपास नोकरीसाठी राहणाऱ्या मराठी, गुजराती, तमिळ कुटुंबांतून, विशेषतः अनेक वर्षे तिथे असलेल्या आणि थाई वाचता येणाऱ्या मंडळींतून, पर्यटक पोलिसांच्या यादीत रीतसर नावे नोंदवली गेली तर चित्र बदलेल. प्रत्येकाने रस्त्यावर गस्त घालायला पाहिजे असे नाही. ठरावीक वेळी फोनवर उपलब्ध राहून हवालदार आणि तक्रारदार यांच्यामध्ये भाषांतर करणे, एवढ्यानेही बरेच काम होईल, आणि घरातल्या बायकांनाही ते करता येईल. महिला तक्रारदारांच्या दृष्टीने तर बाईने बाईशी आपल्या भाषेत बोलणे याला पर्याय नाही. छेडछाडीची तक्रार परक्या पुरुष दुभाष्यासमोर सांगायला संकोच वाटल्याने ती न नोंदवताच परतलेल्या बायका मला माहीत आहेत.

या प्रश्नात सहल कंपन्यांनी हात झटकणे मला योग्य वाटत नाही. स्वस्तातली सहल विकायची, सोबत अनुभवी व्यवस्थापक द्यायचा नाही, तिकडच्या स्थानिक एजंटाच्या भरवशावर माणसे सोडायची आणि रात्रीच्या 'ऐच्छिक' कार्यक्रमांच्या दलालीतून नफा काढायचा, ही रीत आमच्या धंद्यात आहे. भांडण झाले की 'ते तुमच्या मोकळ्या वेळेत घडले' असे उत्तर मिळते. किमान निघण्यापूर्वीच्या बैठकीत, कुठे काय खायला मिळेल हे सांगण्यात जो तासभर जातो त्यातली पंधरा मिनिटे तिथला कायदा, मदत क्रमांक आणि पोलीस नोंद कशी करायची यासाठी काढायला कोणाची हरकत नसावी.

शेवटी गोव्याविषयी, कारण पट्टाया पाहून आलेले काही जण 'गोव्यातही असे परदेशी स्वयंसेवक नेमा' असे सुचवतात. मोरजी, हरमल, हणजूण या गावांत हंगामभर मुक्काम ठोकणारे रशियन आणि ब्रिटिश पाहुणे आहेत, हे खरे. परंतु आपल्याकडे दीर्घकाळ राहणारे बहुतेक परदेशी पर्यटक व्हिसावर येतात आणि त्या व्हिसावर फार तर महिनाभराचे विनावेतन स्वयंसेवी काम करण्याची मुभा असते. त्यातून पोलिसांचा मदतनीस उभा राहू शकत नाही. थायलंडची व्यवस्था तिथल्या निवृत्तिवास योजनेच्या जोरावर टिकली आहे आणि तशी योजना आपल्याकडे नाही. शिवाय, स्थानिक लोक आणि परदेशी वस्ती यांच्यात जमिनीपासून टॅक्सीपर्यंत आधीच कुरबुरी असताना गणवेशातला परदेशी मदतनीस गोव्यात आगीत तेल ओतेल. गोव्याला परदेशातून दुभाषे आणायची गरजही नाही. बोटींवर आयुष्य काढून परतलेले तारवटी तिथे गावोगाव आहेत. त्यांच्यापैकी अनेकांना पोर्तुगीज, इटालियन किंवा स्पॅनिश बोलता येते, आणि चार्टर विमानांच्या हंगामात रशियन शिकलेले तरुण शॅकमध्ये व हॉटेलांत काम करतात. त्यांची यादी करून, थोडे प्रशिक्षण आणि ओळखपत्र देऊन, किनाऱ्यालगतच्या पोलीस ठाण्यांशी त्यांना फोनने जोडून देणे फार खर्चाचे नाही. नागरिकांनी पोलिसांना हात देण्याची परंपरा आपल्याकडेही आहे: गृहरक्षक दलाची स्थापना डिसेंबर १९४६ मध्ये मुंबईतच झाली, आणि विसर्जन मिरवणुकीत पोलिसांच्या साखळीत उभे राहणारे मंडळांचे कार्यकर्ते आपण दर वर्षी पाहतो. त्यांच्या हाती काठी देण्यापेक्षा काहींच्या हाती फोन द्यावा, एवढेच माझे सुचवणे आहे.

बँकॉकमधील भारतीय वकिलातीने तिथल्या पर्यटक पोलिसांशी बोलून भारतीय भाषांच्या दुभाष्यांसाठी स्वतंत्र नोंदणी सुरू करता येईल का, याची चाचपणी करावी, आणि थायलंडमध्ये राहणाऱ्या मराठी वाचकांनी, आपले वृत्तपत्र तिकडे संगणकावर नियमित वाचले जाते असे मला माहीत आहे, आपल्या भागातल्या पर्यटक पोलीस कार्यालयात यासंबंधी स्वतः चौकशी करावी, अशी विनंती या पत्राद्वारे करतो. पुढचा हंगाम दिवाळीला सुरू होतो. त्याआधी अशी मोजकी नावे जरी पट्टायाच्या ठाण्यात नोंदली गेली, तरी आमच्या व्यवसायातली मंडळी ते क्रमांक प्रत्येक प्रवाशाच्या हाती देतील.

आपला नम्र,
एक सहल व्यवस्थापक, पुणे